मोबाईलचा कारभारी

श्रोतेहो, रेडिओचा संच आणि मोबाईल यांत एक मोठा फरक आहे, आणि आजच्या विषयाला तिथूनच हात घातलेला बरा. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्या वेळचा एखादा संच कोणी माळ्यावर जपून ठेवला असेल आणि त्याचे व्हॉल्व्ह शाबूत असतील, तर मध्यम लहरींवरचे बोलणे पकडण्याची त्याची विद्या आजही तशीच कायम आहे. मधल्या पाऊणशे वर्षांत ती लहर पकडण्याची रीत बदललेली नाही. शिवाय रेडिओ फक्त ऐकतो. तो उलट कोणाशी बोलत नाही, आणि त्याच्या वाटेने कोणी परका आपल्या घरात शिरू शकत नाही.

मोबाईल ऐकतो आणि बोलतोही. बँकेशी बोलतो, रेशनच्या खात्याशी बोलतो, पंचायतीशी बोलतो. ज्यांच्याशी तो बोलतो ते आपली बोलण्याची रीत वरचेवर बदलतात. म्हणून काचेला साधा ओरखडा नसलेला फोनसुद्धा एके दिवशी निरुपयोगी होतो. आणि बोलण्यासाठी दार उघडे ठेवावे लागते, त्यामुळे त्या दारातून चोरही येऊ शकतो. मोबाईलवर मधूनमधून 'अपडेट करा' अशी सूचना येते, ती या दोन गोष्टींसाठी. पुष्कळ लोक ती बोटाने बाजूला सारतात. 'उगाच नेटपॅक खाते' असे म्हणतात. त्यांचे अगदीच चूक आहे असे नाही, पण त्याकडे मागाहून येऊ.

आधी हे अपडेट कशाचे होते ते पाहू. मोबाईलच्या पोटात यंत्र असते, आणि आपण वापरतो ती निरनिराळी अ‍ॅप असतात. या दोहोंच्या मध्ये एक कारभारी बसलेला असतो. (काही भागांत घरधन्याला कारभारी म्हणतात; तो अर्थ येथे घेऊ नये.) यालाच ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. एखाद्या अ‍ॅपला कॅमेरा हवा असेल, आवाज ऐकायचा असेल, फोनमधले नंबर वाचायचे असतील, तर त्याने कारभाऱ्याकडे मागायचे. मग कारभारी आपल्याला विचारतो, 'परवानगी द्यायची का?' किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला असतो. आपल्याकडच्या बहुतेक फोनांत अँड्रॉईड नावाचा कारभारी आहे. त्याचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. त्याच्या आदल्या वर्षी, २००७ मध्ये, अ‍ॅपलचा आयफोन आला होता. त्याचा कारभारी वेगळा. अँड्रॉईडचा गाभा मात्र आणखी जुना आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स म्हणून जे काम सुरू केले, तोच हा गाभा. एका विद्यार्थ्याने आरंभलेले काम आज भामरागडच्या सेविकाताईंच्या पिशवीत आहे, ही मौज शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी.

सेविकाताईंचे नाव निघाले, तर त्यांचीच हकीकत घेऊ. पोषण अभियानात २०१९ साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना शासनाकडून मोबाईल मिळाले. बालकांची वजने, गरोदर मातांच्या नोंदी, आहाराचे वाटप, सारे त्यावर भरायचे. मार्च २०२१ मध्ये त्यासाठी पोषण ट्रॅकर हे नवे अ‍ॅप आले. फोनाला जेमतेम दोन वर्षे झाली होती. पण त्याची कामाची स्मृती २ जीबी. हिलाच रॅम म्हणतात. फळा केवढा मोठा आहे, तेवढेच गणित त्यावर एका वेळी मांडता येते, तसा हा प्रकार आहे. सेविकांचे म्हणणे असे पडले की फोन तापतो, अडकतो, नवे अ‍ॅप त्यावर नीट चालत नाही, त्यातली भाषा इंग्रजी, आणि दुरुस्तीचा खर्च आमच्या माथी. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले.

या प्रकाराकडे निव्वळ मागण्यांचा तंटा म्हणून पाहू नये असे मला वाटते. दोन वर्षांपूर्वी चांगला चालणारा फोन कोणी आपटला नव्हता की भिजवला नव्हता. त्याच्यासमोरचे काम वाढत गेले आणि तो होता तेवढाच राहिला. सरकारी खरेदीत फोनाची किंमत पाहतात, पण तो किती वर्षे कामाला पुरेल हे पाहत नाहीत, त्याचा भुर्दंड शेवटी रजिस्टर आणि फोन दोन्ही सांभाळणाऱ्या बाईला पडतो. पुढे १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा फोनने ओळखण्याची सक्ती झाली. म्हणजे फोन अडला की आहार अडला. ताडोबाचे वनरक्षक गस्तीच्या नोंदी एम-स्ट्राईप्स या अ‍ॅपवर करतात. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत तेच अ‍ॅप वापरले गेले. तिथेही न्याय हाच.

आता चोराची गोष्ट. २०१५ च्या जुलैत जोशुआ ड्रेक नावाच्या अभ्यासकाने अँड्रॉईडमधला एक दोष जगापुढे मांडला. चित्रफिती उघडून दाखवण्याचा जो भाग कारभाऱ्याच्या हाताखाली होता, त्यातच भगदाड होते. नुसता फोन नंबर ठाऊक असला, की मुद्दाम बनवलेला एक चित्रसंदेश त्या नंबरवर धाडून चोराला फोनात घुसता येण्याजोगे होते. मालकाने संदेश उघडलाच पाहिजे असेही नाही. कोट्यवधी फोन या दोषाच्या छायेत होते. त्यानंतर, ऑगस्ट २०१५ पासून, गूगल दर महिन्याला अशा दोषांचे पत्रक आणि त्यांवरच्या दुरुस्त्या काढू लागले. भारत सरकारची सर्ट-इन ही संस्थाही अशा दोषांबाबत वेळोवेळी इशारे देते.

यात एक मेख आहे. दुरुस्ती जाहीर झाली की दोष कुठे होता हे चोरालाही कळते. कुलपाचा अमुक खटका कच्चा आहे अशी दवंडी गावात पिटली गेली, आणि आपण मात्र खटका बदलला नाही, तर आपले घर पूर्वीपेक्षा जास्त उघडे पडते. म्हणून महिन्याच्या दुरुस्तीला मी 'नवे कपडे' म्हणायला तयार नाही. वर्षाकाठी जी मोठी आवृत्ती येते, जिच्यात चित्रे बदलतात, बटणे इकडची तिकडे होतात, तिला हवे तर नवे कपडे म्हणा.

ही दुरुस्ती गूगलने काढली म्हणजे लगेच आपल्या फोनावर येते असे मात्र नाही. गूगलकडून ती आतली चीप बनवणाऱ्याकडे जाते, तिथून फोन बनवणाऱ्या कंपनीकडे. ती कंपनी आपल्या त्या त्या फोनाला बेतून ती कापते, तपासते, आणि मग पाठवते. धरणातून सोडलेले पाणी कालव्याने, पाटाने, पोटपाटाने शेवटच्या बांधीपर्यंत यायचे तसे. शेपटाकडच्या धानाला पाणी उशिरा मिळते हे आपल्या भागाला सांगायला नको. महागड्या फोनांना पाणी आधी, स्वस्त फोनांना उशिरा, आणि कित्येकांना दोन-तीन वर्षांनी पाट बंदच होतो. २०२३ साली गूगलने पिक्सेल ८ साठी आणि २०२४ च्या जानेवारीत सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षे दुरुस्त्या देण्याचे वचन दिले, पण ते फोन आपल्यापैकी कितीजण घेतात? युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम लागू झाला, की एखाद्या फोनाची विक्री बंद झाल्यावरही किमान पाच वर्षे दुरुस्त्या उपलब्ध असाव्यात. हा नियम मला मोलाचा वाटतो, कारण तो स्वस्त फोनालाही लागू आहे.

म्हणून दुकानात गेल्यावर कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारण्याआधी भाऊ-बहिणींनो, एक प्रश्न करा: या फोनाला सुरक्षेच्या दुरुस्त्या कोणत्या सालापर्यंत येणार? दुकानदार गोंधळेल, गोंधळू द्या. कंपनीच्या संकेतस्थळावर ते साल बहुधा दिलेले असते. हाताशी असलेल्या फोनात पाहायचे तर सेटिंगमध्ये जाऊन 'फोनविषयी' या ठिकाणी अँड्रॉईडची आवृत्ती आणि सुरक्षा दुरुस्तीची तारीख दिसते. ती तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल, तर पाट बंद झाला असे समजावे.

आता 'नेटपॅक खाते' या तक्रारीकडे येऊ. ३०० एमबीची दुरुस्ती आहे असे धरू. एक बाईट म्हणजे आठ बिट, तेव्हा हे झाले २,४०० मेगाबिट. ४जीच्या मनोऱ्याखाली सेकंदाला १० मेगाबिट मिळाले तर ते २४० सेकंदांत, म्हणजे चार मिनिटांत उतरते. २जीच्या मनोऱ्यावर सेकंदाला १०० किलोबिट मिळाले, तर त्याला लागतील २४,००० सेकंद, म्हणजे ६ तास ४० मिनिटे. गणिताच्या गुरुजींनी हे उदाहरण वर्गात घालायला हरकत नाही. नक्षलग्रस्त भागांत पहिल्या टप्प्यात उभारलेले मनोरे २जीचेच होते. देशभरातले असे २,३४३ मनोरे ४जी करण्याला केंद्राने एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी दिली, त्यात महाराष्ट्रही आहे. पण मनोरा झाला तरी पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते, आणि वीज गेली की मनोराही मुका होतो. तेव्हा डोंगरापलीकडच्या माणसाने अपडेट केले नाही तर त्याला आळशी म्हणण्याचा अधिकार शहरातल्या कोणालाही नाही.

उपाय साधा आहे. बाजाराच्या दिवशी किंवा बैठकीच्या निमित्ताने तालुक्याला गेलात, की विश्वासाच्या ठिकाणच्या वायफायवर ही कामे उरकून घ्यावीत. शाळेत वायफाय असेल तर गुरुजींनी महिन्यातून एक दिवस त्यासाठी ठेवावा. फोन निम्म्याहून अधिक भारलेला असावा आणि थोडी जागा मोकळी ठेवावी. लग्नाच्या चित्रफितींनी सारे कोठार भरलेले असले तर नवा माल ठेवायचा कुठे? उतरवताना रेंज गेली तर बहुधा जिथे थांबले तिथून पुढे सुरू होते. मात्र फोन स्वतः बंद होऊन पुन्हा उघडत असेल, तेव्हा बटणे दाबत बसू नये. अनेक नव्या फोनांत कारभाऱ्याला दोन खोल्या दिलेल्या असतात. तो एका खोलीत बसून काम करतो, दुसरीत नवा कारभारी तयार होतो, आणि फोन पुन्हा उघडताना गादी बदलते. नवा नीट उभा राहिला नाही तर जुना परत बसतो. ही सोय २०१६ च्या अँड्रॉईड ७ पासून आली.

'अपडेट केले की फोन मंदावतो' हे बोलणे गावोगाव ऐकू येते. ते निव्वळ अफवा म्हणून झटकता येत नाही. खुद्द अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले की जुनी बॅटरी असलेल्या आयफोनांचा वेग अपडेटमधून कमी केला होता. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसे केले, असे कंपनीचे सांगणे. पण हे आधी सांगितले नाही म्हणून २०२० साली फ्रान्समध्ये तिला अडीच कोटी युरो दंड झाला. माझे मत विचाराल तर महिन्याची सुरक्षा-दुरुस्ती डोळे मिटून घ्यावी. मोठी वार्षिक आवृत्ती लहान फळ्याच्या फोनावर आली, तर महिनाभर थांबून तोच फोन वापरणाऱ्या चारजणांना विचारावे.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. खरे अपडेट कधीही कोणाच्या संदेशातून, दुव्यातून किंवा फोन करून येत नाही. ते फोनाच्या सेटिंगमध्ये, किंवा अ‍ॅपचे असेल तर प्ले स्टोअरमध्येच येते. खऱ्या दुरुस्तीवर कंपनीची एक गणिती मोहोर असते आणि कारभारी ती तपासल्याशिवाय दार उघडत नाही. चोराला हे ठाऊक आहे, म्हणून तो कारभाऱ्याला टाळून सरळ मालकाला फसवतो. 'पीएम किसानचे नवे अ‍ॅप', 'वाहनाचे चलान', 'लग्नपत्रिका' अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल येते. नावाच्या शेवटी एपीके अशी तीन अक्षरे असतात. आपणच ती बसवतो, आपणच संदेश वाचण्याची परवानगी देतो, आणि बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोर वाचतो. असे घडलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. पहिल्या तासाभरात कळवले तर पैसे वाटेत अडवले जाण्याची आशा असते.

अपडेटमधून काही देणेही मिळते, तेही सांगितले पाहिजे. कारभाऱ्याचा सारा कारभार, म्हणजे फोनातली यादी, सूचना, बटणे, मराठीत आला तो २०१४ च्या अँड्रॉईड ५ मध्ये. गोंडीची कथा त्याहून अलीकडची. जगातल्या लिप्यांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेत मसराम गोंडी लिपी जून २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी लिपी जून २०१८ मध्ये दाखल झाली. त्याआधी निघालेल्या कारभाऱ्याला ही अक्षरे ठाऊक असणेच शक्य नव्हते. म्हणून धानोऱ्याच्या मुलाने आज गोंडी लिपीत 'जोहार' लिहून पाठवला, तर नव्या फोनावर तो अक्षरांत उमटेल आणि जुन्यावर नुसत्या रिकाम्या चौकटी दिसतील. मुलाने चुकीचे लिहिले असे मात्र कोणी समजू नये.

शेवटी, ज्या फोनाचा पाट बंद झाला त्याचे काय करायचे? फेकायची घाई नको. त्यातून बँकेचे आणि पैसे पाठवण्याचे अ‍ॅप काढावे, बँकेशी जोडलेले सिम काढून दुसऱ्या फोनात घालावे, आणि मग तो मुलांना पाठ ऐकायला, फोटो काढायला, विजेरी म्हणून वापरावा. फोनात एफएम असेल तर कानातली तार जोडून बातम्याही ऐकता येतील. ती तारच तिथे एरियलचे काम करते. बॅटरी फुगून पाठ वर आलेली दिसली, तर मात्र तो चार्जिंगला लावू नये, टोचू नये, चुलीजवळ ठेवू नये, आणि जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू घेणाऱ्याकडे देऊन टाकावा.