बर्फातली वाट आणि स्पुटनिकची शिट्टी

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, बॅरी शहरात राहणाऱ्या आणि मूळच्या साताऱ्याच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. यंदा त्यांनी मित्राबरोबर भागीदारीत स्नोमोबाइल घेतली. बर्फातल्या वाटांवर फिरायला कुठलं ॲप चांगलं, की वेगळं यंत्रच घ्यावं, असं त्यांनी विचारलंय. उत्तर जरा लांबणार आहे, कारण या प्रश्नाच्या पोटात माझी एक फार आवडती गोष्ट दडलेली आहे.

आधी पत्रातली एक शंका. जंगलात नेटवर्क नसेल तर जीपीएस कसं चालणार? अगदी व्यवस्थित चालतं. फोन जीपीएसच्या उपग्रहांना काहीच पाठवत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ते जे सांगतात, ते तो फक्त ऐकतो. चार उपग्रह ऐकू आले की ठिकाण निघतं. नेटवर्क लागतं ते नकाशा उतरवायला. तो घरीच फोनमध्ये साठवून घेतला नसेल, तर जंगलात निळा ठिपका दिसतो आणि त्याच्याभोवती नुसता कोरा पडदा. मात्र नेटवर्क नसताना पहिल्यांदा ठिकाण सापडायला वेळ लागतो. उपग्रह नेमके कुठे आहेत हे एरवी फोन इंटरनेटवरून झटकन विचारून घेतो. जंगलात ते उपग्रहाकडूनच ऐकावं लागतं, आणि उपग्रह बोलतो सेकंदाला ५० बिट या वेगाने. आपला एक पूर्ण मराठी एसएमएस त्या वेगाने यायला २२ सेकंद लागतील! म्हणून निघण्याआधी अंगणातच ॲप उघडा आणि ठिपका स्थिर होऊ द्या.

आता ती गोष्ट. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वाइफनबाख हे दोन तरुण संशोधक त्याची बीप-बीप ऐकत बसले. ते काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. स्टेशनात न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते ना, तसाच स्पुटनिकचा सूर बदलत होता. या चढउतारावरून, एका जागी बसून, त्यांनी स्पुटनिकची कक्षा काढली. मग मार्च १९५८ मध्ये त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर यांनी विचारलं: हेच गणित उलटं करता येईल का? उपग्रह कुठे आहे हे ठाऊक असेल, तर ऐकणारा कुठे आहे हे सांगता येईल का?

येत होतं. त्यातून ‘ट्रान्झिट’ ही उपग्रहांवरून ठिकाण शोधण्याची पहिली यंत्रणा उभी राहिली, ‘पोलॅरिस’ क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या पाणबुड्यांसाठी. पोलॅरिस म्हणजे ध्रुवतारा. मिनेसोटातल्या रोझो गावात १९५४ साली सुरू झालेल्या आणि आज नकाशाचा पडदा बसवलेल्या स्नोमोबाइल विकणाऱ्या कंपनीचं नावही पोलॅरिसच. पुढे आलेलं जीपीएस ठिकाण काढतं ते संदेशाला लागलेल्या वेळावरून. पण पडद्यावर दिसणारा तुमचा वेग बहुतेक यंत्रं अजूनही सुराच्या त्या चढउतारावरूनच मोजतात. जीपीएसचा इतिहास सांगताना सापेक्षता सिद्धांतामुळे आइन्स्टाइनचं नाव हमखास येतं. गायर आणि वाइफनबाख यांची नावं क्वचितच कुणी घेतं, आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

तेव्हा उपग्रहांची बाजू भक्कम आहे. ‘आमचं यंत्र जास्त अचूक’ या जाहिरातींकडे दुर्लक्ष करा. चार-पाच मीटर इकडेतिकडे झाल्याने जंगलात कुणी हरवत नाही. घात करते ती थंडी.

थंडीत खोबरेल तेल थिजतं, हे आपण घरोघरी पाहतो. फोनच्या बॅटरीतलं द्रावण थिजत नाही, पण घट्ट होतं, आणि त्यातून लिथियमचे आयन रखडत जातात. पडदा उजळला, नकाशा सरकवला, की एकदम जास्त वीज लागते. ती पुरवताना बॅटरीचा विद्युतदाब कोसळतो आणि ४० टक्के दाखवणारा फोन पटकन बंद पडतो. आयफोनसाठी कंपनीने सांगितलेली मर्यादाच मुळी ० ते ३५ अंश सेल्सिअस आहे. बॅरीचा जानेवारी शून्याच्या बराच खाली असतो. वाऱ्यामुळे फोन हवेपेक्षा थंड होत नाही, पण त्या तापमानाला फार लवकर पोचतो. खिशात ऊब मिळाली की गेलेली शक्ती बरीचशी परत येते. गारठलेला फोन मात्र लगेच चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज करताना लिथियम आत शिरण्याऐवजी धातूच्या रूपात पृष्ठभागावर साचतं आणि ते नुकसान कायमचं असतं.

म्हणून हँडलवर फोन लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथल्या कंपनांनी कॅमेऱ्याचं नाजूक यंत्र बिघडू शकतं, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये मोटरसायकलस्वारांना दिला होता. शिवाय जाड हातमोजा घालून फोनचा पडदा दाबला जात नाही, आणि बोटं उघडी करणं परवडत नाही. हँडलवर बटणांचं साधं यंत्र हवं. गार्मिनच्या ईट्रेक्ससारखी यंत्रं दोन पेन्सिल सेलवर चालतात. त्यात नेहमीचे अल्कलाइन नव्हे, तर लिथियमचे सेल घाला. त्यांत पाणी नसतं, आणि ते उणे ४० अंशांपर्यंत चालतात.

ॲप कुठलं? गाया, ऑनएक्स यांपैकी जे हाताला बसेल आणि नकाशा साठवू देईल ते घ्या. पण त्याआधी ओंटारिओच्या स्नोमोबाइल क्लबांच्या महासंघाचा नकाशा रोज सकाळी उघडा. सुमारे ३० हजार किलोमीटर वाटा आहेत, आणि हिरवी म्हणजे चालू, पिवळी म्हणजे जपून, लाल म्हणजे बंद, असं तिथे दाखवलेलं असतं. या रंगांमागे स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक आहेत. ते वाटा साफ करतात, पाट्या लावतात, आणि शेतमालकांकडून दर वर्षी परवानगी मिळवतात. एका मालकाने नाही म्हटलं की वाट बदलते. मित्राने दिलेली गेल्या वर्षीच्या वाटेची नोंद फोनमध्ये असेल, तर ती पुसून टाका.

आणि सरोवर. बॅरी सिम्को सरोवराच्या काठावर आहे. ॲपमध्ये ते एकसारखं निळं दिसतं आणि सरळ पलीकडे जायचा मोह होतो. बर्फाची जाडी ॲपला कळत नाही. मिनेसोटाचा निसर्गसंपदा विभाग स्नोमोबाइलसाठी किमान ५ ते ७ इंच स्वच्छ, पारदर्शक बर्फ सांगतो. पांढरा, हवेचे बुडबुडे असलेला बर्फ त्याच्या निम्माच मजबूत धरतात. वर पडलेला भुसभुशीत हिमाचा थर गोधडीसारखं काम करतो, त्यामुळे खालचा बर्फ जाड व्हायला वेळ लागतो. ओढा येऊन मिळतो तिथे तो पातळच राहतो.

आता मॅक्लूर यांचं गणित पुन्हा एकदा उलटं करा. संकटातला माणूस जमिनीवरून शिट्टी देतो, वरून जाणारा उपग्रह तिचा चढउतार ऐकतो आणि माणूस कुठे आहे ते सांगतो. यासाठी अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स शीतयुद्ध चालू असताना एकत्र आले. या कामाचा पहिला उपग्रह, सोव्हिएत संघाचा, जून १९८२ मध्ये गेला, आणि सप्टेंबरात त्याने कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबियात कोसळलेल्या एका छोट्या विमानाची हाक ऐकली. तिघे वाचले. त्या कॉस्पास-सारसॅट यंत्रणेत आज भारतही आहे, बंगळुरूच्या केंद्रासह.

या यंत्रणेला हाक देणारं, खिशात मावणारं यंत्र म्हणजे बीकन मिळतं. कळ दाबली की हाक जाते, मासिक वर्गणी लागत नाही. दुतर्फा संदेश हवे असतील तर गार्मिनचं इनरीच घ्या. ते इरिडियमच्या ६६ उपग्रहांशी बोलतं, पण त्याला वर्गणी लागते. सुट्टीत साताऱ्याला येताना मात्र ते तिकडेच ठेवा. भारतात अशा यंत्राला परवाना लागतो, आणि २०२४ च्या अखेरीस गोव्याच्या विमानतळांवर ते जवळ सापडल्याने परदेशी प्रवाशांवर कारवाई झाली होती.

पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील, तर ते बीकनवर घाला. नकाशाचं ॲप फुकटचंही चालेल. आणि बीकन गाडीच्या पेटीत ठेवू नका, अंगावरच्या जाकिटाला अडकवा. बर्फ फुटला तर पेटी गाडीबरोबर पाण्याखाली जाते.