पाळण्याशेजारचा मुका जीव

घरात बाळ येणार म्हटले की महिनोन्‌महिने आधी तयारी सुरू होते. पाळणा, दुपटी, टोपरी, डिंक-खारकांची खरेदी, बारशाचे आमंत्रण कोणाकोणाला, हे सारे व्यापारी घरात तर वहीत मांडले जाते आणि एकेक बाब झाली की तिच्यावर रेघ ओढली जाते. त्या वहीत एक ओळ मात्र सहसा नसते. चार-पाच वर्षे घरच्यासारख्या वाढलेल्या कुत्र्याचे वा मांजरीचे काय करावयाचे, हा प्रश्न बाळ उंबरठा ओलांडून आत आल्यावर, पहिला गोंधळ उडाल्यावर निघतो आणि त्याचे उत्तर घाईत दिले जाते. साखळी येते, गॅलरीचे दार लावले जाते, खाण्याची वेळ कधी टळते तर कधी विसरली जाते. आणि महिन्या-दोन महिन्यांत कोणीतरी म्हणते, ‘आता याला पांजरापोळात सोडून या.’

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. पाठशाळेतील मुलेही ते बोटांवर मोजून दाखवतात. समजावून सांगताना उदाहरणे बहुधा बैलाची, घोड्याची, भरलेल्या गाडीची दिली जातात. आज पेढीवर बैल नाही, त्यामुळे अतिभारारोपण ही जुन्या काळची गोष्ट वाटते. पण पहिला अतिचार बंध, म्हणजे बांधून ठेवणे, आणि शेवटचा अन्नपाननिरोध, म्हणजे वेळेवर अन्नपाणी न देणे, हे दोन्ही बाळंतिणीच्या घरात नकळत घडतात. त्यामागे कोणाचा दुष्टावा नसतो. सर्वांचे हात गुंतलेले असतात, एवढेच. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही कुत्र्याला सतत साखळीने बांधून त्याला फिरवण्याकडे दुर्लक्ष करणे आणि वाजवी कारणाशिवाय प्राण्याला उपासमारीच्या तोंडी सोडून देणे हे अपराध मानले आहेत. शास्त्राने श्रावकाला सांगितलेले कायद्याने फार उशिरा सांगितले.

पंधरा कर्मादानांतील असतीपोषणाचा दाखला देऊन काही वडीलधारे घरात कुत्रा-मांजर असण्यालाच हरकत घेतात. तो विचार प्राणी घरी आणण्यापूर्वीचा आहे. जो जीव आधीच आश्रयाला आहे, त्याच्याबाबत आता प्रश्न उरतो तो फक्त निभावण्याचा.

कुत्र्याला घर कळते ते मुख्यतः नाकाने आणि ठरलेल्या वेळांनी. आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यानंतर माहेरी जाते आणि बाळ सव्वा किंवा तीन महिन्यांचे झाले की सासरी परतते. घरच्यांना यात नवल काही नाही. कुत्र्याच्या लेखी मात्र रोज भाकरी घालणारी व्यक्ती एकाएकी नाहीशी झाली. आणि ती परतली ती वेखंड, बाळंतशोपा, धुरी आणि दूध यांच्या अनोळखी वासांसह, हातांत किंचाळणारे गाठोडे घेऊन. त्याच दिवशी पाहुण्यांनी घर भरलेले असते आणि त्याची नेहमीची जागा पाळण्याने घेतलेली असते. असा प्राणी भुंकला, उड्या मारू लागला किंवा कोपऱ्यात जाऊन बसला, तर त्याला मत्सरी ठरवण्याचे कारण नाही. तो गोंधळलेला असतो.

म्हणून जे बदल होणारच आहेत ते बाळाच्या आगमनाशी जोडले जाऊ नयेत, एवढी काळजी आधी घ्यावी. सून माहेरी जाण्यापूर्वीच खाणे घालण्याचे व फिरवण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवावे. दुकानावरून दुपारी घरी येणारे काका किंवा शाळकरी पुतण्या यासाठी उत्तम. मात्र पुतण्या लहान असेल तर फिरवताना मोठे माणूस सोबत हवे. बाळाच्या खोलीत पुढे प्रवेश नसेल, तर ती बंदी दोन-तीन महिने आधीच लागू करावी आणि प्राण्याची गादी, पाण्याची वाटी शांत कोपऱ्यात कायमची मांडावी. चौविहार पाळणाऱ्या घरात प्राण्याचे खाणेही बहुधा सूर्यास्तापूर्वीच होते. ती वेळ पाहुण्यांच्या गर्दीतही चुकू देऊ नये. वेळ पाळली गेली की निम्मी अस्वस्थता आपोआप कमी होते. बाळाच्या रडण्याचा आवाज मोबाइलवर आधी अगदी हळू, मग रोज थोडा मोठा करून ऐकवावा आणि त्याच वेळी आवडीचा खाऊ द्यावा. पशुवैद्याकडून रेबीजची लस आणि जंताचे औषध याच काळात उरकून घ्यावे.

बाळ घरी येण्यापूर्वी त्याचे वापरलेले दुपटे माहेराहून आणून प्राण्याला दुरून हुंगू द्यावे. प्रत्यक्ष आगमनाच्या दिवशी आईने बाळ सासूबाईंच्या हाती देऊन आधी एकटीने आत यावे आणि कुत्र्याला भेटावे. पाच महिन्यांच्या विरहानंतर त्याचा आनंद अंगावर झेपावणारा असतो, तो बाळ हाती नसताना ओसरलेला बरा. बाळ आत येईल तेव्हा कुत्रा पट्ट्यात असावा, पट्टा धरणारे माणूस शांत असावे. जवळून हुंगवण्याचा, फोटो काढण्याचा आग्रह त्या दिवशी नको. ओवाळणे दारात होते, तिथे तर कुत्रा नसलेलाच बरा.

पुढे एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. बाळ जागे असेपर्यंत कुत्र्याला हुसकावले जाते आणि ते झोपले की सर्वांना त्याची दया येऊन लाड सुरू होतात. यातून तो एवढेच शिकतो की बाळ डोळे मिटते तेव्हा आपले दिवस बरे असतात. करावयाचे असते नेमके उलट. आई बाळाला पाजत असताना दुसऱ्या कोणी त्याच खोलीत, थोड्या अंतरावर, कुत्र्याला बसवून पाठीवरून हात फिरवावा, दोन गोड शब्द बोलावेत. मालिशीला येणाऱ्या बाईंशीही त्याची ओळख आधी करून द्यावी. बारशाच्या दिवशी त्याला बंद खोलीत, ओळखीच्या माणसासोबत ठेवावे; पन्नास पाहुण्यांत मिसळायला लावणे ही त्याची परीक्षा होते. बाळंतिणीच्या लाडवांचा डबाही उंचावर हवा. मनुका-बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, ही गोष्ट बेदाण्याच्या व्यापारात पिढ्या घालवलेल्या घरांतही अनेकांना ठाऊक नसते.

जीवदया म्हणजे भाबडेपणा नव्हे. प्राणी कितीही गरीब स्वभावाचा असला, तरी बाळाला त्याच्याजवळ क्षणभरही एकटे सोडू नये. फोन घेण्यापुरतेही नाही. कुत्रा वारंवार ओठ चाटू लागला, भूक-झोप नसता जांभया देऊ लागला, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असा तिरका पाहू लागला किंवा अंग ताठ करून थांबला, तर तो ‘मला दूर जाऊ द्या’ असे सांगत असतो. गुरगुरला म्हणून त्याला मारू नये. गुरगुरणे ही सूचना आहे. मार खाऊन सूचना देणे थांबवलेला कुत्रा थेट चावतो. येथे वध हा अतिचार आणि बाळाची सुरक्षितता एकाच बाजूला येतात. चावा किंवा ओरखडा झालाच, तर लस घेतलेला घरचा कुत्रा असला तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. हळद-चुन्यावर थांबू नये.

मांजराची गोष्ट थोडी निराळी. त्याला ऊब हवी असते, म्हणून ते झोळीत किंवा पाळण्यात शिरते. पाळण्यावर जाळी आणि झोपेच्या वेळी दार बंद, हा सरळ उपाय. गर्भवतीने मांजराच्या मातीची साफसफाई करू नये. मांजराच्या विष्ठेतून पसरणारा टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी गर्भाला अपाय करू शकतो. विष्ठेत तो बाहेर पडल्यावर संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ती माती दुसऱ्या कोणी रोजच्या रोज बदलावी. शाकाहारी घरात मांसाचा धोका नाही, तरी बागेतील मातीचा आहे. भाज्या नीट धुणे आणि कुंड्यांत काम करताना हातमोजे घालणे आवश्यक.

बाळ रांगू लागले की जुळलेली घडी पुन्हा विस्कटते. आजवर एका जागी पडून राहणारा जीव आता शेपूट धरतो, खाण्याच्या वाटीत हात घालतो. तेव्हा वाटी बाळाच्या वाटेत नको, आणि कुत्र्याला बाळ पोहोचू शकणार नाही अशी एक जागा राखून ठेवावी.

एवढे करूनही काही घरांत जमत नाही. प्राण्याने चावण्याची सवय धरली, बाळाला श्वसनाचा त्रास झाला, तर वैद्य व पशुवैद्य यांच्या सल्ल्याने त्याला दुसरे घर शोधावे लागते. पांजरापोळ ही जैन समाजाची अभिमानाची संस्था आहे. मुंबईत १८३२ साली भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या आदेशावरून दंगल उसळली. त्यानंतर १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीशहा यांनी तेथे पांजरापोळ उभी केली. पण आज बहुतेक पांजरापोळांत मुख्यतः गुरे असतात. सोफ्याशेजारी वाढलेला कुत्रा तिथे खाणेपिणे सोडतो. त्याऐवजी ओळखीचे, मूल नसलेले किंवा मुले मोठी झालेले कुटुंब पाहावे. एक-दोनदा त्यांना घरी बोलावून ओळख होऊ द्यावी. मग लसीचे कार्ड, त्याची गादी, त्याची वाटी आणि तो केव्हा, काय खातो याची चिठ्ठी सोबत देऊन त्याला पोहोचवावे. त्याने ताक-भाकरी खाल्ली का, हे दुसऱ्या दिवशी फोन करून विचारावे.