डाव त्यांचा, धडधड आपली

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. त्याच विजयाने ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. अंतिम फेरीतले दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले होते. टायब्रेकमधला पहिला जलद डावही बरोबरीत गेला आणि निकाल लागला तो दुसऱ्या डावात. भारतात तेव्हा संध्याकाळ होती. ज्यांना घोड्याची अडीच घरांची चाल सोडून फारसे काही ठाऊक नव्हते, अशी माणसेही मोबाइलला डोळे लावून बसली होती.

छत्रपती संभाजीनगरकरांना तर या खेळाची ओढ दोन्ही दिशांनी आहे. समृद्धी महामार्गाने एका बाजूला गेले की दिव्याचे नागपूर, दुसऱ्या बाजूला विदित गुजराथीचे नाशिक. विश्वविजेता डी. गुकेश चेन्नईचा असला तरी त्याच्या डावांच्या वेळी घरोघरी तीच अवस्था असते. तळहाताला घाम, छातीत धडधड, घशाला कोरड. खेळणारा खुर्चीत बसलेला, पाहणाराही सोफ्यावर बसलेला. मग शरीरात एवढी खळबळ कशाची?

ही खळबळ विचार करण्याच्या श्रमाची नसते. मेंदू शरीराच्या विश्रांतीच्या काळातील ऊर्जेपैकी सुमारे पाचवा हिस्सा एरवीही वापरतो आणि डोके कितीही चालवले तरी त्यात फारशी वाढ होत नाही. वाढतो तो ताण. धोका समोर असल्याचा संदेश मेंदू देतो, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनालिन सोडतात, नाडी वेगाने चालते, रक्तदाब चढतो, साखर रक्तात उतरते. धोका खरा की पडद्यावरचा, एवढा हिशेब शरीर करत बसत नाही. अलीकडे काही स्पर्धांत खेळाडूंच्या हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवतात. कठीण क्षणी शांत बसलेल्या खेळाडूचा आकडा धावणाऱ्या माणसासारखा चढलेला दिसतो. पाहणाऱ्यांचे ठोके कोणी मोजत नाही, एवढाच फरक.

पडद्यावरची पट्टी

बुद्धिबळाच्या थेट प्रक्षेपणात पटाशेजारी एक काळी-पांढरी पट्टी असते. कोणाची बाजू किती वरचढ, हे संगणक त्या पट्टीवर क्षणोक्षणी दाखवतो. खेळाडूला ती दिसत नाही, प्रेक्षकाला दिसते. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात डिंग लिरेनने ५५व्या चालीला हत्ती चुकीच्या घरात नेला. पट्टी तत्काळ गुकेशच्या बाजूने झुकली. गुकेशला मात्र ती घोडचूक ओळखायला काही सेकंद लागले. त्या काही सेकंदांत लाखो प्रेक्षकांना उत्तर माहीत होते आणि ते सांगण्याची सोय नव्हती.

माहिती आहे पण हातात काही नाही, ही अवस्था शरीराला फार जड जाते. त्यात पट्टी सतत खाली-वर होत असेल तर आणखीच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये यासंबंधी एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वयंसेवकांना हाताला विजेचा सौम्य पण वेदनादायी झटका बसण्याची शक्यता कमी-जास्त करून पाहिली. झटका नक्की बसणार हे कळलेल्यांपेक्षा, बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असताना ताण सर्वाधिक होता. बरोबरीकडे झुकलेला, पण केव्हाही फिरू शकणारा डाव नेमका असाच असतो.

हा ताण निरोगी माणसाला सहसा बाधत नाही. त्यातच खेळ पाहण्याची मजा आहे. पण ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. २००६च्या फुटबॉल विश्वचषकात म्युनिक परिसरातील डॉक्टरांनी तातडीच्या हृदयरुग्णांची नोंद ठेवली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी असे रुग्ण एरवीच्या २.६६ पट होते, पुरुषांत ३.२६ पट, स्त्रियांत १.८२ पट. आधीपासून हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक होता. फुटबॉलचा हा आकडा बुद्धिबळाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तिथे गर्दी, आरडाओरडा आणि मद्यही असते. पण भावनेचा ताण हृदयापर्यंत पोहोचतो, एवढे त्यातून स्पष्ट होते.

मध्यरात्रीचे डाव

ताणापेक्षा अधिक लोकांना त्रास होतो तो जागरणाचा. एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोत कँडिडेट्स स्पर्धा झाली. गुकेशने ती सतराव्या वर्षी जिंकली. विदितने याच स्पर्धेत हिकारू नाकामुरासारख्या खेळाडूला दोनदा हरवले. तिथे दुपारी अडीचला डाव सुरू होई, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे बारा वाजलेले असत. एकेक डाव चार-पाच तास चाले आणि फेऱ्या होत्या चौदा. म्हणजे निष्ठावान चाहत्याची पहाट पटावरच उजाडायची आणि सकाळी कामावर जायचेच असायचे.

सलग काही रात्री अपुरी झोप झाली की रक्तदाब वाढतो, इन्सुलिनचे काम मंदावते, भूक आणि चिडचिड दोन्ही वाढतात. मधुमेह असलेल्या माणसाने रात्री दोनला चहा-फरसाण घेतले आणि सकाळची गोळी उशिरा घेतली, तर साखरेचे गणित बिघडणारच. झोप अर्धवट असताना दुचाकीवरून जालना रोडच्या वाहतुकीत शिरणे हा तर सरळ अपघाताचा धोका.

खेळाडू मात्र या सगळ्याची तयारी करून बसलेला असतो. सिंगापूरच्या लढतीत दर तीन डावांनंतर विश्रांतीचा दिवस होता. गुकेशसोबत पॅडी अप्टन हे मानसिक तयारीचे प्रशिक्षक होते, २०११चा क्रिकेट विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघासोबत असलेले तेच. झोप, आहार, व्यायाम, सगळे आखलेले. चाहत्याला ना विश्रांतीचा दिवस, ना प्रशिक्षक. तयारी नसलेले शरीर घेऊन तो तोच डाव खेळत असतो.

‘आपण’ जिंकलो, ‘तो’ हरला

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये एक मार्मिक निरीक्षण मांडले. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की विद्यार्थी ‘आपण जिंकलो’ म्हणत, हरला की ‘ते हरले’. विजयात वाटा घ्यायचा आणि पराभवात अंग काढून घ्यायचे, हा मनाचा बचाव आहे. तोवर ठीक. पण हा बचाव पुढे राग होतो आणि मोबाइलवरून थेट खेळाडूपर्यंत जातो. नोव्हेंबर २०२५ मध्ये गोव्यातील विश्वचषकात गुकेश तिसऱ्या फेरीतच बाद झाला. काल ज्याला डोक्यावर घेतले, त्याच्यावर आज शेरे मारायला फार वेळ लागत नाही. तो तेव्हा अवघा १९ वर्षांचा होता.

दिव्याने तर २०२४च्या जानेवारीत, अठराव्या वर्षी, नेदरलँड्समधील स्पर्धेनंतर जाहीरपणे सांगितले होते की प्रेक्षक तिच्या खेळाऐवजी कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांचीच चर्चा करतात. चाहत्यांचे प्रेम खेळाडूला बळ देते, तसे त्यांचे शब्द झोपही उडवतात. हे खेळाडू आपल्या घरातल्या मुलांच्याच वयाचे आहेत. आणि घरातली मुलेही ऐकत असतात. हरलेल्या विश्वविजेत्याबद्दल बाबा काय बोलतात, यावरून स्वतः हरल्यावर घरात काय ऐकावे लागेल, हे ती ताडतात.

मग पाहायचे कसे?

पाहायचे अवश्य, फक्त थोडे ठरवून. स्पर्धेच्या सगळ्या फेऱ्या जागून पाहण्यापेक्षा दोन-तीन महत्त्वाच्या निवडाव्यात, बाकीचे डाव सकाळी पाहावेत. बुद्धिबळात तर प्रत्येक चाल नोंदलेली असते. डाव शिळा होत नाही. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकाराच्या गोळ्यांची वेळ सामन्यासाठी चुकवू नये. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. रात्री चहा-कॉफीऐवजी पाणी प्यावे. धडधड फार वाढली तर पट्टी झाकून फक्त पट पाहावा. संगणकाचे उत्तर दिसेनासे झाले की आपणही खेळाडूसारखा विचार करू लागतो.

छातीत दाब किंवा दुखणे, ते डाव्या हातात वा जबड्यात जाणे, थंड घाम, धाप लागणे, यांपैकी काही झाले तर ‘डाव संपू दे, मग पाहू’ म्हणू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्त्रियांत आणि मधुमेह असलेल्यांत छातीत न दुखताही केवळ मळमळ, थकवा किंवा धाप एवढीच लक्षणे असू शकतात.

आणि शक्य झाल्यास शेजारी खरा पट मांडावा. न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांवरील ४६९ जणांचा काही वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन, वाद्यवादन, नृत्य यांच्याप्रमाणेच पटावरचे खेळ खेळणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. पटावरचे खेळ स्मृतिभ्रंश टाळतातच, असा त्याचा अर्थ नव्हे. तरीही दिव्याचा डाव सुरू असताना आजोबा आणि नातीने तीच मोहरी समोर मांडून पुढची चाल ओळखायची, यात तोटा काहीच नाही. तिथे निदान एक गोष्ट आपल्या हातात असते: पुढची चाल.