आधी काडतूस, मग मॅगझिन, मग अ‍ॅक्शन

अमेरिकेतल्या ‘प्रिसिजन रायफल सिरीज’च्या स्पर्धेत पालथं पडून, निवांत श्वास सोडत नेम धरण्याची चैन फार थोड्या फेऱ्यांत मिळते. बहुतेक वेळा समोर लाकडी अडथळा असतो, नाहीतर छपराचा उतार, नाहीतर ट्रॅक्टरचा टायर. त्यावर बारीक मणी भरलेली पिशवी टेकवायची आणि दीड-दोन मिनिटांत आठ-दहा गोळ्या झाडायच्या. मधे जागाही बदलायची. लक्ष्यं म्हणजे साधारण ३०० ते १००० यार्डांवर टांगलेल्या पोलादी पाट्या. गोळी लागली तर गुण, नाहीतर शून्य. ही मालिका २०१२ साली सुरू झाली. तिच्यासाठी रायफल बांधून घेणाऱ्याला अचूकतेइतकाच विचार भरवशाचा करावा लागतो, कारण गोळी अडकली आणि ती काढण्यात दहा सेकंद गेले तर पुढच्या दोन पाट्या हातच्या गेल्या.

तरी रायफल बांधायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो अ‍ॅक्शनचाच. अ‍ॅक्शन म्हणजे नळीच्या मागचा पोलादी दंडगोल आणि त्यात मागेपुढे सरकणारा बोल्ट. नावाजलेल्या कारागिरीची अ‍ॅक्शन हजार-दीड हजार डॉलरच्या घरात जाते, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. पण नेमाचं श्रेय मुख्यतः नळीचं आणि काडतुसाचं. अ‍ॅक्शनने दर वेळी बोल्ट त्याच जागी बसवायचा, पिन त्याच जोराने मारायची, रिकामी पुंगळी बाहेर फेकायची आणि नवं काडतूस आत ढकलायचं. यातली पहिली कामं आज बहुतेक चांगल्या अ‍ॅक्शन चोख करतात. फरक दिसतो तो शेवटच्या कामात, आणि तिथे निम्मी जबाबदारी पन्नास-साठ डॉलरच्या एका डबीवर, म्हणजे मॅगझिनवर असते.

या बाजाराचा सगळा पसारा उभा आहे ‘रेमिंग्टन ७००’च्या मापांवर. ही रायफल १९६२ सालची. तिचे पूर्वज ७२१ आणि ७२२ हे १९४८चे. जर्मन माउझर ९८ची अ‍ॅक्शन घडाईच्या तुकड्यातून कोरून काढलेली, बुडाशी सपाट. रेमिंग्टनने गोल दांडा घेतला, कारण तो लेथवर झटपट आणि स्वस्तात तयार होतो. काटकसरीचा हा निर्णय पुढे अख्ख्या उद्योगाचं प्रमाण ठरेल असं तेव्हा कुणाला वाटलं असेल! अमेरिकी मरीन दलाची एम-४० आणि लष्कराची एम-२४ याच अ‍ॅक्शनवर बांधल्या गेल्या. कंपनीने २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरी जाहीर केली, पण तिची मापं काही बुडाली नाहीत. मोंटानातली ‘डिफायन्स’ असो की नेब्रास्कातली ‘झर्मॅट’, दोघींच्या अ‍ॅक्शन याच मापांना धरून बनतात. त्यामुळे दस्ता, त्याच्याऐवजी धातूचा सांगाडा म्हणजे चॅसी, किंवा चाप कोणाचाही घ्या, जोडी जमते. नवख्याने या मापांबाहेर जाऊ नये असं मला वाटतं.

पूर्वी कारखान्यातली रेमिंग्टन आणून ती कारागिराकडे ‘सरळ’ करून घेत. पुढचा काठ काटकोनात घासायचा, आटे पुन्हा पाडायचे, बोल्टला कुलूपबंद करणारे त्याच्या टोकाचे खुंट सारखे टेकतील असं बघायचं. बोल्टची मूठ जिथे डाखाने जोडलेली असे तिथे ती किंचित मागेपुढे झाली, तर मूठ उचलताना अडकलेल्या पुंगळीला बसणारा पहिला झटका कमी पडे. संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर बनलेल्या अ‍ॅक्शनमध्ये हे सगळं मुळातच नेमकं येतं. शिवाय मापं इतकी एकसारखी की नुसत्या आराखड्यावरून नळी तयार होऊन येते आणि शिकंजा, पाना वापरून घरी बसवता येते. हा फायदा मोठा आहे, कारण स्पर्धेतली ६ मिमीची नळी दोन-अडीच हजार गोळ्यांत थकते.

बोल्ट दोन खुंटांचा की तीन, यावर तावातावाने वाद चालतो. दोन खुंटांचा बोल्ट उघडायला मूठ ९० अंश उचलावी लागते, तीनच्याला साधारण ६०. कमी उचल ऐकायला बरी वाटते. पण पिनेची स्प्रिंग तेवढ्याच कमी फिरण्यात दाबायची असल्यामुळे मूठ जड लागते, आणि डगमगत्या अडथळ्यावर तो जोर रायफल पाटीवरून हलवतो. मी दोन खुंटांच्या बाजूचा. तसंच, बोल्ट फार घट्ट बसणारा नको. वाळवंटातल्या धुळीत किंवा पावसाच्या चिखलात थोडी मोकळीक असलेली अ‍ॅक्शन चालत राहते, तिथे काटेकोर बसवलेली कुरकुरते.

आता डबी. या क्षेत्रात मॅगझिनचं जे प्रमाण चालतं ते ‘एआयसीएस’, म्हणजे ‘अ‍ॅक्युरसी इंटरनॅशनल’ या ब्रिटिश कंपनीच्या चॅसीचं. रेमिंग्टन ७०० नुसते स्क्रू आवळून बसवता यावी म्हणून ती चॅसी बनली, आणि तिचं मॅगझिन सगळ्यांनी उचललं. या कंपनीचे एक संस्थापक माल्कम कूपर यांनी १९८४ आणि १९८८च्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं सुवर्ण जिंकलं. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं ते याच प्रकारात. त्या प्रकारात पॉइंट टू-टूची एकेक गोळी हाताने भरतात. मॅगझिनला तिथे कामच नाही. मॅगझिनविना सुवर्ण जिंकणाऱ्या माणसाच्या कंपनीने जगाला मॅगझिनचं माप दिलं, ही मला फार मजेची गोष्ट वाटते.

एआयसीएसच्या दहा गोळ्यांच्या डबीत काडतुसं डावी-उजवीकडे रचलेली असतात, पण वर येताना मधोमध एका जागी येतात. याच कंपनीच्या ‘एडब्ल्यू’ मॅगझिनमध्ये ती शेवटपर्यंत आलटूनपालटून राहतात. त्यामुळे तितक्याच गोळ्यांना ती डबी बुटकी होते, भरायलाही सोपी जाते. मात्र तिच्यासाठी अ‍ॅक्शनचं बूड रुंद कापलेलं लागतं, आणि हा निर्णय अ‍ॅक्शन मागवतानाच घ्यावा लागतो.

दुसरी अडचण काडतुसाची. एआयसीएसची डबी मुळात .३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या लांबीची, ६.५ क्रीडमूर हे काडतूसही तिच्यात सुखाने मावतं. पण स्पर्धकांचा जीव सध्या ६ मिमी डॅशरसारख्या आखूड, मऊ धक्क्याच्या काडतुसांवर. ती लांब डबीत मागेपुढे सरकतात, टोक खाली झुकतं आणि नळीच्या तोंडाला अडतं. मग मागे ठोकळा घालून डबी आखूड करावी लागते, किंवा त्याच मापाची तयार डबी घ्यावी लागते. ६ मिमी जीटी हे काडतूस तर डबीतून सुरळीत वर यावं हा विचार धरूनच आखलं गेलं. क्रीडमूरपुरतं बघणाऱ्याला हा घोळ नाही.

शेवटी उरतो उंचीचा हिशेब. डबी खाली बसली तर बोल्ट काडतुसावरून निसटतो, वर बसली तर तिच्या आत वळलेल्या कडा बोल्टला घासतात. अडथळ्यावर डबीच टेकवून दाबलं तर चांगली बसलेली डबीही वर ढकलली जाते, म्हणून तिला धरणाऱ्या खटक्यात फारशी हालचाल नको. अ‍ॅक्शन, चॅसी आणि डबी तीन ठिकाणांहून आल्या की हे गणित जमेलच असं नाही. चॅसीत डबीच्या खटक्याची उंची बदलता येत असेल तर ते पैसे कारणी लागतात. नव्या डब्यांवर रंगाने आकडे टाकावेत, प्रत्येकीतून दारू नसलेली नकली काडतुसं हळू आणि जोरात, दोन्ही प्रकारे ओढून पाहावीत. पत्र्याच्या डबीच्या कडा पकडीने जरा उघडता-मिटता येतात. हात लावण्यापूर्वी कॅलिपरने दोन्ही कडांमधलं अंतर पुढे आणि मागे मोजून डबीवरच लिहून ठेवावं.