इंजिन एकटे बदलत नाही

जुन्या ट्रकच्या चेसिसवर दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवण्याचे काम जगभर चालते. ते कशासाठी करायचे, याचे उत्तर मात्र देशागणिक वेगळे आहे. अमेरिकेत १९५०-६० च्या काळातल्या पिकअप ट्रकमध्ये शेवरलेचे ४५४ घनइंची, म्हणजे ७.४ लिटरचे ‘बिग ब्लॉक’ पेट्रोल इंजिन आणि त्याच्या जोडीचा टर्बो ४०० गिअरबॉक्स हौसेने घालतात. तिथे ताकद हवी असते. महाराष्ट्रात नेमके उलट घडले. तहानलेली पेट्रोल इंजिने गाड्यांतून उतरली आणि त्यांच्या जागी डिझेल आले, कारण भाड्यातून तेलाचा खर्च वजा जाऊन हातात काय उरते, यावर इथली गाडी चालायची की उभी राहायची ते ठरत होते.

या बदलाची मुळे दुसऱ्या महायुद्धात आहेत. युद्ध संपल्यावर लष्कराचे ट्रक लिलावात निघाले. त्यांतल्या कॅनडात बनलेल्या फोर्डमध्ये ३.९ लिटरचे व्ही-८ इंजिन असे, शेवरलेमध्ये ३.५ लिटरचे सहा सिलिंडरी. दोन्ही पेट्रोलवर चालणारी. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्या जोडत होती आणि कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ मध्ये डॉज-फार्गो जातीच्या गाड्यांची जोडणी सुरू केली. पुढे मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने पर्किन्सच्या परवान्याने ‘पी-६’ हे ४.७ लिटरचे डिझेल इंजिन बनवायला घेतले आणि ते डॉज-फार्गोच्या चेसिसवर चढले. १९५४ मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडू लागले, तेव्हापासून भंगारात निघालेल्या ट्रकचे चालू डिझेल इंजिन ही हळूहळू बाजारात मिळणारी वस्तू झाली. टाटाच्या इंजिनांची नावेही बोलकी आहेत. ‘६९२’ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. ‘६९७’ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर. बोअर पाच मिलिमीटरने आणि पिस्टनची धाव आठ मिलिमीटरने वाढली, तर घनफळ ४७८६ वरून ५६७५ सीसीवर जाते.

परभणीसारख्या जिल्ह्यात हा बदल सर्वांत जास्त जिपांमध्ये भिनला. विलीजच्या परवान्याने महिंद्राने बनवलेल्या जीपला २१९९ सीसीचे पेट्रोल इंजिन होते. काळीपिवळी टॅक्सी म्हणून माणसे वाहायची, बाजाराच्या दिवशी टपावर पोती न्यायची आणि पावसाळ्यात काळ्या चिखलातून गावापर्यंत पोचायचे, हे सगळे पेट्रोलवर परवडणारे नव्हते. महिंद्राने स्वतःच आधी ट्रॅक्टरच्या इंजिनावरून घडवलेले २३५० सीसीचे डिझेल जिपेत घातले आणि नंतर इगतपुरीच्या कारखान्यात प्यूजोच्या तंत्राने ‘एक्सडीपी ४.९०’ बनवले. चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, २११२ सीसी, ६२ हॉर्सपॉवर. याच्याच जोडीला बजाज टेम्पोच्या मॅटाडोरमधले, मर्सिडीजच्या परवान्याचे २३९९ सीसीचे इंजिन होते. महिंद्राने नव्या जिपेत जे केले, तेच गॅरेजांनी जुन्या जिपेत केले.

कामाचा कस लागतो तो इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यावर. चेनकप्पीने इंजिन उचलून चेसिसमध्ये सोडणे हा अर्ध्या दिवसाचा उद्योग आहे. खरा प्रश्न बेल हाउसिंगचा असतो, म्हणजे फ्लायव्हील आणि क्लच झाकणाऱ्या घंटेच्या आकाराच्या कवचाचा. एका कंपनीच्या इंजिनावरची बोल्टची भोके दुसऱ्या कंपनीच्या गिअरबॉक्सशी जुळत नाहीत. मोठ्या ट्रकांच्या अनेक इंजिनांना एसएई मापाची ठरावीक बेल हाउसिंग असतात, त्यामुळे तिथे काम थोडे सोपे जाते. जिपेसारख्या लहान गाडीत मात्र मधे जाड पोलादी अडॅप्टर प्लेट लागते आणि ती लेथवर घडवावी लागते.

प्लेटचे बोल्ट नीट बसले की काम झाले, असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. पण गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे टोक क्रँकशाफ्टच्या शेवटी बसवलेल्या छोट्या पायलट बेअरिंगमध्ये शिरते, आणि हे दोन्ही शाफ्ट एका रेषेत हवेत. कसबी मिस्त्री फ्लायव्हीलला डायल गेज बांधतो, सुईचे टोक बेल हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या कडेला टेकवतो आणि क्रँक हाताने सावकाश फिरवतो. एका फेरीत काटा जितका पुढेमागे होतो, त्याच्या निम्मी चूक केंद्रात असते. काट्याची ही हालचाल पाव मिलिमीटरच्या पुढे गेली की प्लेट सरकवून पुन्हा मोजायचे. हे मोजमाप टाळलेली गाडी पहिल्या दिवशी चालतेच. मग क्लच दाबल्यावर घरघर सुरू होते, टॉप गिअर आपोआप सुटू लागतो, बेअरिंग जाते आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी येतो. जुन्या गाड्यांच्या कामात या एका आळसाने मोठे नुकसान होते.

दुसरी जुळणी गतीची असते. पेट्रोल इंजिन जोरात फिरून ताकद देते; जुन्या धाटणीचे डिझेल सावकाश फिरते. जिपेच्या ६.००-१६ टायरच्या एका फेरीत गाडी साधारण २.२ मीटर पुढे जाते. डिफरेन्शियलचे प्रमाण ५.३८ असेल, तर टॉप गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला ३००० फेऱ्यांवर वेग ताशी ७३-७४ किलोमीटर येतो. त्याच गाडीत २००० फेऱ्यांवर थांबणारे ट्रॅक्टर-जातीचे इंजिन बसवले की वेग ४९ वर अडतो. मग क्राउन-पिनियन बदलून प्रमाण ४.८८ करतात, वेग ५४ पर्यंत जातो, पण चाकावरची ओढ दहा टक्क्यांच्या आसपास कमी होते. परभणी जिल्ह्यात या दहा टक्क्यांना मोल आहे. मधला गोदाकाठ सपाट आहे, पण उत्तरेला जिंतूरकडे आणि दक्षिणेला गंगाखेडच्या पलीकडे डोंगर लागतात, आणि ओल्या काळ्या जमिनीत रुतलेले चाक तर चढापेक्षा जास्त ओढ मागते. म्हणून जाणते मिस्त्री आधी गाडी कुठे आणि किती ओझे घेऊन फिरणार ते विचारतात.

गिअरबॉक्सही इंजिनाच्या जोडीचाच घेतलेला चांगला. जुन्या जिपेचा तीन गिअरचा टी-९० बॉक्स पेट्रोल इंजिनाच्या सलग ओढीसाठी बनलेला होता. एक्सडीपीचा टॉर्क कागदावर १२.२ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे जुन्या पेट्रोलपेक्षा कमीच भरतो. ती उणीव भरून काढायला गिअर जास्त हवेत. महिंद्राने या इंजिनाबरोबर चार गिअरचा केएमटी-९० बॉक्स दिला, त्याचा अर्थ हाच. इंजिन-गिअरबॉक्सची लांबी बदलली की प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा वेल्ड करावा लागतो आणि तो तोलून घ्यावा लागतो.

मग येतात लहान दिसणाऱ्या गोष्टी. डिझेल इंजिनाचे वजन जास्त असल्याने पुढचे पाटे बसतात आणि स्टिअरिंग जड होते. पाट्यांत एखादे पान वाढवावे लागते. इंजिनाखालचे तेलाचे भांडे, म्हणजे संप, पुढच्या अॅक्सलला घासणार नाही इतकी जागा हवी. जुन्या जिपेची ६ व्होल्टची वायरिंग डिझेलच्या सेल्फला आणि हीटर प्लगला पुरत नाही. नोझलमधून परतणाऱ्या डिझेलसाठी टाकीपर्यंत वेगळी नळी हवी. चावी फिरवून जुने डिझेल बंद होत नाही, म्हणून डॅशबोर्डावर ओढायची स्टॉप वायर द्यावी लागते. सर्वांत धोकादायक चूक व्हॅक्युमची. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये निर्वात आपोआप तयार होतो, त्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेलमध्ये तो तसा मिळत नाही. वेगळा व्हॅक्युम पंप बसवला नाही, तर भरल्या गाडीत ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक लागते.

कायद्याने आज या कामाला अरुंद वाट ठेवली आहे. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर दोन्ही आरसी बुकात असतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत फेरबदलाला मनाई करते, आणि ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल चालणार नाहीत असे स्पष्ट केले. विनापरवानगी फेरबदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीसाठी मान्यताप्राप्त किट बसवता येते. झिजलेल्या इंजिनाच्या जागी त्याच प्रकारचे इंजिन घालायचे तर परभणीच्या, म्हणजे एमएच-२२ च्या, परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते.

२०२१ पासून ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण चेसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला असून चालत नाही. त्यामुळे डिझेल घातलेल्या जुन्या जिपांना ती नोंदणी हवी असेल, तर एके काळी भंगारात दिलेले पेट्रोल इंजिन आता मालकांनाच शोधावे लागते.