पाय थांबवायचे नाहीत

मुंबईत चारकोपमधल्या एका सोसायटीचं ऑफिस. मधे चौक आणि भोवती पस्तीसेक घरं, ही इथली जुनी मांडणी. जागतिक बँकेच्या कर्जातून १९८५च्या सुमारास सुरू झालेल्या योजनेतली. चौकात कुणी रिक्षा धुतंय. आत सतरंजीवर पाच मुलं, चौदा ते सतरा वयाची, व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन घरी परतलेली. समुपदेशक ताई कार्डशीट पसरतात, मेणखडूंचा डबा उघडतात. मार्कर त्यांनी मुद्दामच आणलेले नाहीत. यातली दोघं व्हाइटनर आणि थिनर हुंगायची. तसल्या वासानेही तलफ उठते.

एम्सच्या २०१९च्या देशव्यापी पाहणीत हीच एक नशा मुलांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्त आढळली: दहा ते सतरा वयात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. दारू-गांजावर घरचे लक्ष ठेवतात. दप्तरातल्या बाटलीकडे कोण बघतं?

"क्लासवरून घरी कसा येतोस, काढ. ग्रुप उभा असतो तिथे लाल ठिपका."

सगळ्यात धाकटा खडू घेतो. मार्केट, लाल. पानटपरी, लाल. लिंक रोडवर मेट्रोखालचा खांब, लाल. मग तो खडू खालीच ठेवतो. "ताई, घरी जायला रस्ताच नाही उरला."

ताईंचं बोट सेक्टरच्या आतल्या गल्लीवर. "ही?"

"लांब पडते."

"किती?"

"पाच-सात मिनटं."

"मग हिरवा घे."

आता सराव. एकाने मित्र व्हायचं, दुसऱ्याने नको म्हणायचं.

"चल ना, एकच."

"नको, आई ओरडेल."

"आईला सांगतंय कोण?"

"बरं वाटत नाहीये."

"मग मार ना, बरं वाटेल!"

ताई हात वर करतात. "कारण दिलंस की तो ते खोडणार. कारण द्यायचंच नाही. नको म्हणायचं आणि चालत राहायचं. पाय थांबवायचे नाहीत."

पुन्हा. पाय थांबतात. पुन्हा. या खेपेला तो 'नको' म्हणतो आणि उंबरा ओलांडून थेट चौकात. आतून टाळ्या. मित्र झालेला मुलगा मात्र मटकन खाली बसतो. "मी असंच बोलायचो," तो म्हणतो आणि शेजारच्याकडे हनुवटी करतो. "याला."

शेजारचा काही बोलत नाही. थोडा सरकून त्याला जागा करून देतो. ताईही खोदत नाहीत. पाणी देतात. "आता तू नको म्हण."

'नाही म्हणायला शिका' हे मुलांना सगळेच ऐकवतात. असा घाम फुटेपर्यंत सराव कोण करून घेतं? मला तर वाटतं, तो शाळेतच व्हावा, बाटली हाती येण्याआधी.

शेवटी वेळापत्रक. पाच ते सात हा अवघड वेळ. क्लास नसतो, आईवडील कामावरून यायचे असतात. कोपऱ्यात कॅरम उभा आहे, पण ऑफिसची किल्ली सेक्रेटरींकडे. ताई तिथूनच फोन लावतात. "काका, सोमवारपासून पाच ते सात. हो, आवाज करणार नाहीत." काका तयार होतात.

"आणि रविवारी?" धाकटा विचारतो. "सगळे रविवारीच बोलावतात."

ताई कार्डशीट उलटी करतात. "सकाळी किती वाजता उठतोस, तिथून सुरू कर."