विश्लेषण : उघड्या संरक्षक भिंतीवर कोणती वेल लावावी, कोणती टाळावी?

उतारावरच्या बंगल्यांना आणि सोसायट्यांना माती अडवण्यासाठी संरक्षक भिंत, म्हणजेच रिटेनिंग वॉल बांधावी लागते. आठ-दहा फुटांची ही उघडी काँक्रीटची किंवा दगडी भिंत दिसायला रुक्ष असते आणि उन्हाळ्यात तापते. त्यामुळे पावसाच्या तोंडावर अनेक जण नर्सरीतून ‘लवकर पसरणारी’ वेल आणून लावतात. मात्र चुकीची वेल भिंतीचे नुकसान करू शकते आणि दाट वेलीखाली धोक्याच्या खुणा झाकल्या जाऊ शकतात.

रिटेनिंग वॉल कुंपणापेक्षा वेगळी कशी?

कुंपणाची भिंत फक्त स्वतःचे वजन पेलते. रिटेनिंग वॉल मागच्या मातीचा रेटा सतत सोसत असते. पावसाळ्यात मातीत पाणी साचले की हा रेटा आणखी वाढतो. दोन मीटर उंचीच्या भिंतीमागे वरपर्यंत पाणी भरले, तर तळाशी फक्त पाण्याचाच दाब प्रति चौरस मीटर सुमारे दोन टन होतो. हे पाणी बाहेर पडावे म्हणून भिंतीत निचऱ्याची छिद्रे ठेवलेली असतात. त्यांना ‘वीप होल’ म्हणतात.

भिंत कोसळली तर काय होते, हे महाराष्ट्राने २०१९ च्या पावसाळ्यात पाहिले. २९ जून रोजी पुण्यातील कोंढव्यात सोसायटीची भिंत कामगारांच्या शेडवर कोसळून १५ जणांचा बळी गेला. तीन दिवसांनी मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून २० हून अधिक जणांनी प्राण गमावले. या दुर्घटनांचा वेलींशी संबंध नव्हता. पण भिंत आणि निचरा यांच्यावर नजर ठेवणे किती गरजेचे आहे, हे त्यातून दिसले.

वेल लावण्यापूर्वी काय तपासावे?

भिंतीला फुगवटा आला आहे का, ती पुढे कलली आहे का, आडव्या भेगा आहेत का आणि पावसात वीप होलमधून पाणी येते का, हे पाहावे. यापैकी काही खटकले तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवावे. रोपांचा विचार त्यानंतर करावा. वड, पिंपळ, उंबर यांची रोपे पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीच्या सांध्यांत उगवतात. ती बोटभर असतानाच मुळासकट काढावीत. मुळे जाड झाली की दगड सरकू लागतात.

वरून सोडावी की खालून चढवावी?

बहुतेक वेळा वरून सोडलेली वेल सोयीची ठरते. तिला आधार लागत नाही, ती भिंतीला चिकटत नाही आणि फांद्या बाजूला सारून भिंत तपासता येते. मात्र वरच्या वाफ्याला भरपूर पाणी देणे टाळावे, कारण ते पाणी भिंतीमागेच मुरते. म्हणून कमी पाण्यावर जगणारी रोपे निवडावीत आणि ठिबकने मोजकेच पाणी द्यावे.

खालून चढणाऱ्या वेली दोन प्रकारच्या असतात. काही आधाराला वेढे घेतात, तर काही मुळांनी भिंतीला चिकटतात. वेढे घेणाऱ्या वेलींसाठी भिंतीपासून तीन-चार इंच अंतर सोडून जाळी उभारावी.

कोणत्या भिंतीला कोणती वेल?

भरपूर ऊन, कमी पाणी : बोगनवेल सर्वांत चिवट. ती वरून खाली झुकवता येते, पण काटे असल्याने पायवाटेलगत नको. लाल नळीसारख्या फुलांची रसेलिया कारंज्यासारखी खाली झुकते आणि छाटणी सोसते.

सलग हिरवा पडदा : सोसायट्यांच्या गॅलऱ्यांतून खाली लोंबणारी व्हर्नोनिया, म्हणजे ‘कर्टन क्रीपर’, कित्येक फूट सरळ खाली येते. ऊन आणि अर्धसावली दोन्ही तिला चालते. रोपांत दीड ते दोन फूट अंतर पुरेसे होते.

सुवास हवा असेल तर : कुंद वरून झुकवता येतो. जुई, जाई आणि मधुमालती यांना जाळी लागते. मधुमालतीचे खोड पुढे जाड होते आणि पसारा जड होतो. त्यामुळे जाळी भक्कम हवी.

झटपट आच्छादन : गोकर्ण बियांपासून सहज येतो आणि जाळीवर चढतो. मोठी वेल वाढेपर्यंत तो उपयोगी पडतो.

सावली : मनी प्लांट सावलीत चांगला वाढतो, पण मुळांनी चिकटतो. त्यामुळे तो वरच्या कुंडीतून लोंबता ठेवावा.

समुद्राकाठची रेताड जागा : किनाऱ्यावर आपोआप वाढणारी मर्यादवेल वाळू धरून ठेवते. खारे वारे आणि कडक ऊन तिच्या सवयीचे आहे.

काय टाळावे?

क्रीपिंग फिग ही भिंतीला घट्ट चिकटणारी वेल दिसायला देखणी, पण ती वड-पिंपळाच्याच कुळातली. जुनी झाल्यावर तिच्या फांद्या लाकडासारख्या जाड होतात. ओढून काढल्यास प्लास्टर आणि रंगही निघतो. धड काँक्रीटवर नियमित छाटणीसह ती चालू शकते. भेगाळलेल्या भिंतीवर किंवा कोकणातल्या दगडावर दगड रचलेल्या गडग्यावर मात्र नको.

पिवळ्या फुलांची वेडेलिया स्वस्त आणि वेगाने पसरणारी. पण जगातील १०० सर्वाधिक उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचा समावेश आहे. तुकडा पडला तरी रुजत असल्याने ओढा, शेत किंवा जंगलालगत ती लावू नये.

उतारच ढासळत असेल तर?

तिथे नुसती वेल उपयोगाची नाही. माती धरून ठेवण्यासाठी भिंतीच्या वरच्या उतारावर वाळा ओळींत लावता येतो. त्याची मुळे तीन मीटरपर्यंत सरळ खाली जातात आणि आडवी फारशी पसरत नाहीत. तरीही वाळा हा कमकुवत भिंतीला पर्याय ठरत नाही.

देखभाल किती?

लागवड जून-जुलैमध्ये, दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर करावी. पायथ्याशी लावताना खड्डा भिंतीपासून किमान एक-दीड फूट दूर घ्यावा, म्हणजे पाया उघडा पडत नाही. दरवर्षी मे महिन्यात वेल छाटून भिंत डोळ्यांखालून घालावी. वीप होलभोवती वीतभर जागा कायम मोकळी ठेवावी आणि त्यांत शिरलेली मुळे, माती काढावी. दाट झुडपात उंदीर आणि त्यांच्यामागे साप येतात, म्हणून तळाचा फूटभर भाग उघडा राहील अशी छाटणी ठेवावी.

छाटणीला दरवर्षी माणूस मिळणार नसेल, तर संपूर्ण भिंत झाकण्याचा हट्ट सोडून काही भागच हिरवा करणे शहाणपणाचे. उरलेला भाग उघडा राहिला की भेग पडल्याचे वेळेत दिसते.